आभारभिंतीवरचं काळं पान

सिस्टर आल्या तेव्हा पारखी एका छत्रीची तुटलेली काडी बसवत होते. छत्री मेहुण्याची होती. बँकेतून निवृत्त झाल्यावर मेहुणा बहिणीकडे चार दिवस म्हणून राहायला आला आणि त्या चार दिवसांना आता दुसरं वर्ष लागलं होतं. भाऊजींच्या तपासात आपला मोठा हातभार असतो, असं तो ओळखीपाळखीच्यांना सांगे. भाऊजी ऐकून घेत.

पारखी हे काही त्यांचं आडनाव नव्हे. उमेदीची वर्षं त्यांनी सराफाच्या पेढीवर दागिने पारखण्यात घालवली. तिथल्या एका चोरीचा छडा त्यांनी पोलिसांच्या आधी लावला आणि लोक दागिन्यांऐवजी आपापल्या भानगडी घेऊन यायला लागले.

सिस्टर पन्नाशीच्या असतील. खुर्चीच्या अगदी कडेवर त्या टेकल्या.

"उद्या दुपारी मला पोलीस ठाण्यात बोलावलंय," त्या म्हणाल्या. "तिथून घरी परत येईन असं वाटत नाही."

"आरोप काय आहे?"

"मोठ्या बाईंना मी झोपेचं औषध जास्त दिलं. चुकून दिलं म्हणाले तर नोकरी गेली, मुद्दाम दिलं म्हणाले तर जन्म गेला."

मेहुण्यानं उचललेला कप खाली ठेवला.

मोठ्या बाई म्हणजे मुलांच्या रुग्णालयाच्या अध्यक्ष. ज्यांनी ज्यांनी देणग्या दिल्या त्यांच्या नावांची एक आभारभिंत रुग्णालयाच्या दालनात उभी राहत होती आणि रविवारी तिचं अनावरण व्हायचं होतं. त्याआधी, गुरुवारी रात्री, बाई झोपेतच गेल्या. सिस्टर त्यांच्या घरी राहून त्यांची देखभाल करत. शुक्रवारी सकाळी त्यांनी पडदा सरकवून हाक मारली तेव्हा अंग गार पडलं होतं.

"भाच्यानं हट्ट धरला म्हणून शवचिकित्सा झाली. आज, सोमवारी, अहवाल आला. दिवेलागणीला मी औषध दिलं ते एकदाच. चढायला त्याला वेळ लागायचा, म्हणून लवकर द्यायचे. पण बाटली बाईंच्या उशाशीच असायची."

"तुमच्यानंतर त्यांना कोण भेटलं?"

"तिघं. आधी रुग्णालयाचे चिटणीस आले. मग ती भिंत करणारे, त्यांना सगळे भिंतवालेच म्हणतात. शेवटी भाचा. कामाचं बोलणं असलं की बाई मला खोलीत थांबू द्यायच्या नाहीत. मी स्वयंपाकघरात होते."

"बाईंची स्मरणशक्ती?"

"जुनं सगळं पाठ. ताजं मात्र निसटायचं. जेवण झाल्यावर विचारायच्या, मी जेवले का गं? 'औषध घेतलंत का' म्हटलं की 'नाही वाटतं' म्हणायच्या. सगळे त्यांची चेष्टा करायचे त्यावरून."

"म्हणजे सगळ्यांना माहीत होतं." पारखींनी छत्री उघडून पाहिली. "या तिघांशी तुमचं कसं आहे?"

"चिटणीस कामापुरते बोलतात. भाचा तोंडाळ आहे, पण मनात काही नसतं. भिंतवाले मुकाट माणूस. मला पाहिलं की मान खाली घालतात."

"का?"

"काय माहीत. मी बाईंकडे यायच्या आधी बरीच वर्षं रुग्णालयाच्या वॉर्डात होते. आजारी मुलांचे आईबाप पुष्कळ भेटले. त्यातलं कुणी असलं तरी चेहरे कुठे लक्षात राहतात? मुलं राहतात."

त्या गेल्यावर मेहुणा म्हणाला, "भाऊजी, सरळ आहे. आत्याबाईंचं घर भाच्याला मिळणार."

"मग त्यानं शवचिकित्सेचा हट्ट कशाला धरला असता, मेहुणे? डॉक्टरांनी तर नेहमीचंच मरण म्हणून सही केली असती. चला, ही घ्या तुमची छत्री."

भाचा बाईंच्या बैठकीत बसला होता. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले.

"आमची आत्या आम्हा सगळ्यांना पोचवून मग जाणार, असं आम्ही म्हणायचो," तो म्हणाला. "डॉक्टरही तेच म्हणायचे. हृदय घोड्यासारखं होतं. म्हणून तर मला पटलं नाही."

"गुरुवारी तुम्ही भेटलात तेव्हा?"

"घोरत होती. पांघरूण नीट केलं आणि परत फिरलो. जागी असती तर शिव्या दिल्या असत्या, उशीर केला म्हणून." त्यानं नाक पुसलं. "फटकळ होती हो. कुणाला सोडायची नाही. त्या भिंतवाल्यालाही मागच्या महिन्यात तिनं माझ्यासमोर झाडलं."

"कशावरून?"

"कुठलंसं एक पान त्यानं आपल्या मनानं लावलं होतं. आत्या म्हणाली, ज्यांनी दिलं त्यांचीच पानं लागतील. दुःखाची पानं लावायला बसलो तर भिंत पुरायची नाही. तो मान खाली घालून निघून गेला. मलाच कसंतरी झालं."

"आणि चिटणीस?"

"त्यांना ती बदलणार होती. हे त्यांनाही ठाऊक होतं."

बाहेर पडताच मेहुण्यानं आपलं मत बदललं. आता त्याचा संशय चिटणिसांवर होता, आणि रुग्णालयाच्या पायऱ्या चढेपर्यंत त्यानं त्यांना जवळजवळ फाशी दिली होती.

चिटणीस बारीक चणीचे, नीटनेटके गृहस्थ होते. ते दोघांना दालनात घेऊन गेले.

समोरची अख्खी भिंत एका झाडानं व्यापली होती. खोड आणि फांद्या लाकडाच्या, पानं तांब्याची. प्रत्येक पानावर एक नाव कोरलेलं. खिडकीतून आलेल्या उजेडात बहुतेक पानं उजळली होती, पण मधूनमधून काही पानं काळीभोर होती. मेहुणा तोंड उघडं टाकून पाहत राहिला.

"उजळ पानं हयात देणगीदारांची," चिटणीस म्हणाले. "काळी पानं गेलेल्यांची. भिंतवाल्यांचीच ही पद्धत. ते म्हणतात, भिंतीनं खोटं बोलता कामा नये. आपण केलेली प्रत्येक भिंत ते दरवर्षी जाऊन बघतात. कुणी गेलं असेल तर त्याचं उजळ पान उतरवतात आणि काळं चढवतात."

मधल्या फांदीवर सगळ्यांत मोठं पान होतं. त्यावर मोठ्या बाईंचं नाव. ते काळं होतं.

"शुक्रवारी सकाळी मीच त्यांना फोन करून बाई गेल्याचं सांगितलं. बिचाऱ्यानं उजळ पान उतरवून नेलं, नवं कोरलं, काळं केलं आणि रविवारी पहाटे लावलं. पडदा सरकला तेव्हा लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं."

"भला माणूस," मेहुणा म्हणाला.

"मेहुणे, तुमचा रुमाल द्या. धूळ बसलीय."

पांढराशुभ्र रुमाल घेऊन पारखींनी ते मोठं पान खसाखसा पुसलं, मग रुमाल घडी घालून परत दिला. मेहुण्यानं तो खिशात ठेवला. पांढरा होता तसाच पांढरा होता.

पारखी आता खाली वाकले होते. खोडाच्या बुंध्याशी, जिथे एरवी कुणाची नजर जाणार नाही, तिथे एक इवलंसं काळं पान होतं. त्याच्यावर काहीच कोरलेलं नव्हतं.

"हे कुणाचं?"

"कुणाचंच नाही," चिटणीस कपाळाला आठ्या घालून म्हणाले. "बाईंनी काढायला सांगितलं होतं. राहून गेलेलं दिसतंय."

"छत्री द्या, मेहुणे." पारखींनी छत्री पानाशेजारी जमिनीवर उभी धरली. पान बरोबर मुठीच्या खालच्या पितळी कड्याशी आलं. "बरं, गुरुवारी बाईंशी तुमचं काय बोलणं झालं?"

चिटणिसांचा चेहरा पडला. "पुढच्या महिन्यात राजीनामा द्या म्हणाल्या. मी हो म्हटलं. त्यांच्यापुढे कुणाचं काय चाललंय? पण साहेब, त्यांच्यावाचून हे रुग्णालय कसं चालवायचं ते मला कळत नाही. देणगीदार त्यांच्या शब्दावर यायचे."

भिंतवाल्यांची कार्यशाळा गल्लीच्या टोकाला, एका जुन्या गोदामात होती. ते एकटेच काम करत. उंच, वाकलेले, बोटं रंगानं कायमची काळवंडलेली. पारखींनी ओळख सांगितली तेव्हा त्यांनी हातातली छिन्नी खाली ठेवली, पण बसा म्हणाले नाहीत.

"गुरुवारी बाईंकडे कशाला गेला होतात?"

"भिंतीचं शेवटचं रेखाटन दाखवायला. पाहिलं, ठीक आहे म्हणाल्या. मी निघालो."

"त्यांची तब्येत?"

"ठणठणीत होत्या. शुक्रवारी चिटणिसांचा फोन आला तेव्हा माझा विश्वास बसेना."

"तोवर त्यांचं पान उजळच होतं?"

"असणारच. भिंतीवर लावूनही झालं होतं."

"नाही, मी आपला अडाणी प्रश्न विचारतो. वयस्कर माणसांची काळी पानं तुम्ही आधीच करून ठेवत असाल. वेळेवर धावपळ नको."

भिंतवाल्यांचा चेहरा ताठ झाला. "जित्या माणसाचं काळं पान? आजवर केलं नाही आणि करणार नाही. पोट भरायला करतो म्हणून काय झालं, काही लाज आहे."

"आणि घाई असेल तर रंग फासत असाल."

"रंग साइनबोर्डवाले फासतात. मी गंधकाच्या पाण्यात बुडवतो. धातू आपणहून काळा होतो."

"भट्टीत तापवून लवकर वाळत असेल?"

"तापवलं की फोड येतात. माझ्या एका तरी पानावर फोड दाखवा."

तेवढ्यात मागे मेहुणा "अरेच्चा" म्हणाला. तारेवर टांगलेल्या एका पानाला त्याची बाही घासली होती आणि कोपरापासून मनगटापर्यंत काळा पट्टा उमटला होता. त्यानं रुमाल काढून पुसायला घेतलं. रुमालही काळाकुट्ट झाला.

"हात लावू नका तिथे," भिंतवाले ओरडले. "कच्चं आहे ते. मागच्या मंगळवारी बुडवलंय. एका कापडवाल्याचे वडील गेले, त्यांचं आहे. अजून चारपाच दिवस हवा खाल्ल्याशिवाय..."

ते एकदम गप्प झाले. मग म्हणाले, "मला काम आहे."

"निघालोच," पारखी म्हणाले. पण दारात ते थांबले. चौकटीच्या लाकडावर पेन्सिलीच्या आडव्या रेघा होत्या, एकीवर एक, जिना असावा तशा. सगळ्यांत वरची रेघ फिकट झाली होती. तिच्या वर काही नव्हतं.

पारखींनी मेहुण्याच्या हातातली छत्री घेऊन चौकटीला लावली, पाहिली आणि परत दिली.

रस्त्यावर आल्यावर मेहुणा म्हणाला, "भाऊजी, आज माझ्या छत्रीनं शहर मोजायचा विचार आहे का? आणि या सदऱ्याचं मी तुमच्या बायकोला, म्हणजे माझ्या बहिणीला, काय सांगू?"

"धुवू नका म्हणावं. रुमालही तसाच ठेवा." पारखींच्या आवाजात नेहमीची थट्टा नव्हती. "सिस्टर सुटतील, मेहुणे. पण मला काही बरं वाटत नाहीये."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते सगळे आभारभिंतीपुढे जमले. सिस्टर, भाचा, चिटणीस, भिंतवाले. फौजदार एका बाजूला हात बांधून उभे होते. पारखींचा त्यांच्याशी जुना परिचय होता, म्हणून ते आले होते, पण दुपारचं बोलावणं त्यांनी मागे घेतलेलं नव्हतं.

"गुरुवारी संध्याकाळी तिघं बाईंच्या खोलीत एकटे होते," पारखींनी सुरुवात केली. "तिघांनाही ठाऊक होतं की औषध घेतलं की नाही हे बाईंच्या लक्षात राहत नाही. सिस्टरांनी दिलेलं विसरून त्या पुन्हा घेतील, आणि पाजणारा प्रेमानं पाजत असेल तर आणखीही घेतील. म्हणजे संधी तिघांनाही होती. मेहुण्यांनी तर कारणंही शोधली. भाच्याला घर, चिटणिसांना खुर्ची."

भाच्यानं मान वर केली. चिटणीस जमिनीकडे बघत राहिले.

"पण भाच्यानं शवचिकित्सेचा हट्ट धरला नसता तर खून झाल्याचंच कुणाला कळलं नसतं. करणारा माणूस स्वतःच्या हातानं असा खड्डा खणत नाही. आणि बाई गेल्यानं चिटणिसांचा फायदा काय? देणगीदार बाईंच्या शब्दावर यायचे. बाईंविना ते नुसत्या रिकाम्या खुर्चीचे चिटणीस."

"मग राहिलं कोण?" फौजदार म्हणाले. "पुरावा लागतो, साहेब."

"पुरावा तुमच्या डोळ्यांसमोर टांगलाय. ते मोठं पान बघा. बाई गेल्याची बातमी भिंतवाल्यांना शुक्रवारी सकाळी मिळाली. रविवारी पहाटे पान भिंतीवर. मी ते काल मेहुण्यांच्या रुमालानं दाबून पुसलं. रुमालाला डाग नाही. मेहुणे, बाही दाखवा."

मेहुण्यानं कोट काढून हात पुढे केला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या अंगावरचा डाग उपयोगी पडत होता, आणि त्याची त्याला लाज वाटत नव्हती.

"हा डाग पडला तो मंगळवारी, म्हणजे बाई जिवंत असताना, बुडवलेल्या पानाचा. बाईंच्या पानाच्या आधी बुडवलेलं पान अजून ओलं आहे आणि नंतर बुडवलेलं कोरडं ठणठणीत. हे कसं? रंग भिंतवाले फासत नाहीत. तापवलं तर फोड येतात आणि इथे फोड नाही. चांगला कारागीर आहे, तो स्वतःच्या कामाबद्दल खोटं बोलला नाही. मग एकच शक्यता राहते. हे पान बाई ठणठणीत असताना, निदान आठवडाभर आधी, पाण्यात बुडालं होतं. आणि जित्या माणसाचं काळं पान आपण करत नाही, असं त्यांनीच मला सांगितलं."

भिंतवाले आपल्या झाडाकडे पाहत होते.

"उजळ पान तसंच राहू दिलं असतं," पारखी त्यांच्याकडे वळून म्हणाले, "तर कुणी बोट दाखवलं नसतं. बिचाऱ्याला वेळ मिळाला नाही म्हणाले असते."

"तसं कसं राहू देणार?" भिंतवाले म्हणाले. "सगळे बघायला येणार. मेलेल्या बाईचं उजळ पान लावायचं?"

चिटणीस खुर्चीत बसले.

"कारण मला कळलंय," पारखी हळू बोलले. "बुंध्याशी ते छोटं पान आहे. तुमच्या चौकटीवरची उंचीची शेवटची रेघ आणि ते पान एकाच उंचीवर आहेत. मी दोन्ही मोजली."

"मुलगी माझी." भिंतवाल्यांनी ओठ आवळले. "याच रुग्णालयात होती, इथेच गेली. इथल्या लोकांनी काही कमी केलं, असं मी म्हणणार नाही. ही भिंत मी फुकट करायला तयार होतो, फक्त ते एक पान राहू द्या म्हटलं. नावसुद्धा कोरलं नाही. तरी काढा म्हणाल्या. त्या दिवशी घरी आलो आणि रागाच्या भरात त्यांचं पान कोरून पाण्यात बुडवलं. मारायचं वगैरे काही मनात नव्हतं, खरं सांगतो. बुडवलं, टांगलं. मग रोज समोर ते पान. रोज थोडं थोडं वाळत होतं. गुरुवारी बाई म्हणाल्या, रविवारच्या आधी ते छोटं पान उतरलं पाहिजे. मी म्हटलं, औषध घेतलंत का? त्या म्हणाल्या, नाही वाटतं."

फौजदार पुढे झाले. सिस्टर इतका वेळ भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्या मधे आल्या.

"ती दोन वेण्यांची का? खिडकीजवळच्या खाटेवरची? सुई टोचताना मला गाणं म्हणायला लावायची?"

भिंतवाल्यांनी मान हलवली.

"मग मी कोण ते तुम्हाला माहीत होतं."

"पहिल्या दिवसापासून."

"आणि तरी मला तुरुंगात जाऊ देणार होतात."

भिंतवाल्यांनी नजर बुंध्याशी असलेल्या पानाकडे वळवली. सिस्टरांनी बाजूला होऊन फौजदारांना वाट करून दिली.

दारापर्यंत गेल्यावर भिंतवाले वळले. "ते पान," एवढंच म्हणाले. फौजदारांनी त्यांना पुढे नेलं.

त्यांच्या मागोमाग भाचाही निघून गेला. चिटणिसांनी घाम पुसला. "बाईंचा हुकूम होता," ते पारखींना म्हणाले. "आणि आता तर... खुन्याच्या मुलीचं पान इथे कसं ठेवायचं? आजच काढून टाकतो."

सिस्टर बुंध्याशी जाऊन बसल्या होत्या. रडत होत्या. छोट्या पानावर तळहात ठेवून त्या म्हणाल्या, "एवढीच होती. उभी राहिली की माझ्या कमरेलाही लागायची नाही."

"सिस्टर, नियम आहे," चिटणीस म्हणाले.

"असू दे नियम. तिनं कुणाचं काय घेतलंय?"

चिटणिसांनी पारखींकडे पाहिलं. पारखींनी मेहुण्याकडे पाहिलं. मेहुण्यानं कोट अंगात चढवून काळी बाही झाकली.

पान तिथेच राहिलं.